मापाड्याची मांजर

माझी त्यांची पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते माझ्या सुटकेसकडे बघत होते. मी ती रिक्षातून काढून ओट्यावर ठेवली, तशी त्यांनी एका हातानं वीतभर उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि म्हणाले, "अठरा किलो. खाली पुस्तकं, वर कपडे."

मी म्हटलं, "मामा, खोली बघायची होती."

"बघू की. आदी हे बराबर हाये का ते बघू."

आत आढ्याला स्प्रिंगचा काटा टांगलेला होता. त्याला त्यांनी माझी सुटकेस अडकवली. काटा सव्वाअठरावर थांबला. त्या पाव किलोचं त्यांना इतकं लागलं की वरची खोली दाखवताना जिन्यात थांबून ते दोनदा म्हणाले, "कुलपाचं वजन धरलं न्हाई मी." खोलीला खिडकी किती, पाणी कधी येतं, हे मलाच विचारावं लागलं.

गावाचं नाव लिहीत नाही. औंढा नागनाथपासून फार लांब नाही एवढं पुरे. मी तिथल्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नवी डॉक्टर म्हणून गेले होते. शिकून नुकतीच बाहेर पडलेली, म्हणजे सगळं येतं असं वाटण्याच्या वयाची. आणि मामा, म्हणजे माझे घरमालक, हिंगोलीच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, उभा जन्म मापाडी म्हणून काढून, काटा खाली ठेवून गावी परतलेले. हळद, तूर, सोयाबीन, जे पोत्यात भरतं ते सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. मामी दोन वर्षांपूर्वी वारल्या होत्या. मुलगी हैदराबादला, ती रोज फोन करायची. खाली मामा आणि मामींची पांढरी मांजर, वर मी, असं ते घर होतं.

घरात काटे चार होते. पोत्यांचा, भाजीचा, सोनाराच्या दुकानात असतो तसला बारका, आणि तो आढ्याचा. मामा सगळं तोलायचे. गॅसचं सिलिंडर आणणारा माणूस त्यांच्या दारात आला की आपणहून घाम पुसायचा. बिस्किटाचा पुडा, कलिंगड, आंघोळीचा साबण पहिल्या दिवशी आणि आठव्या दिवशी. सकाळी पेपर आला की तो उघडायच्या आधी काट्यावर. "आज चार ग्राम कमी हाये," म्हणायचे, "म्हंजे इशेष काई घडलं न्हाई." आणि नंतर तो पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे.

'अंदाज' हा शब्द त्यांच्या घरात शिवीसारखा होता. मी एकदा जिन्यातून फोनवर कुणाला तरी "म्हैस अंदाजे चारशे किलोची असेल" म्हणाले, तर संध्याकाळी मामा वर आले. दारातच उभे राहिले.

"डॉक्टरबाई, औषध वजनावर देता ना तुमी?"

"हो."

"मंग वजन काहून घेत न्हाई?"

मी त्यांना आमची फीत दाखवली. जनावराच्या छातीला गुंडाळायची आणि त्यावरून वजन काढायचं, हे ऐकून त्यांचा चेहरा असा उजळला की मला माझ्याच शिक्षणाबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. ती फीत त्यांनी स्वतःच्या छातीला लावून पाहिली. मग खाली जाऊन पोत्यांच्या काट्यावर उभे राहिले आणि परत येऊन म्हणाले, "माणसाला बराबर लागत न्हाई. पण कल्पना चांगली हाये."

माळकरी होते ते. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. अंडं घातलेला केक मुलीनं एकदा पाठवला तो त्यांनी न उघडता शेजारी दिला. आणि आता जे सांगणार आहे ते या माणसाबद्दल आहे, म्हणून माळेचं आधी सांगून ठेवलं.

मामींची पांढरी मांजर मी गेले त्याच वर्षी आंधळी व्हायला लागली. आधी पाण्याच्या घंगाळाला धडकायची, मग उंबऱ्याला. मामांनी तिला माझ्यापुढे ठेवलं. मी डोळ्यांत टॉर्च मारला. बाहुल्या मोठ्याच्या मोठ्या, उजेडानं मिटायचं नाव नाही. मी ऐटीत सांगितलं, "वय झालंय, मामा." तिचं वय सात होतं. मांजरीचं सात म्हणजे काही म्हातारपण नव्हे, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण आम्ही शिकलो ते गाय, म्हैस, शेळी. मांजराचा धडा परीक्षेत येत नाही म्हणून सगळ्यांनी सोडलेला. ती त्या हिवाळ्यात गेली. मामांनी तिला परसात लिंबाखाली पुरलं आणि त्या दिवशी पेपर तोलला नाही.

उन्हाळ्यात सरपणाच्या ढिगात एक पिल्लू सापडलं. पिवळंधमक, मुठीएवढं. मामांनी नाव ठेवलं हळदी. बारक्या काट्यावर ठेवलं तर ते पारड्यातच झोपी गेलं. मामींच्या वेळचीच पितळी वाटी निघाली, त्यात दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकर. आमच्याकडे मांजराला दूध-भाकरच देतात. मामीही पांढरीला दोन्ही वेळा तेच द्यायच्या, आपल्या ताटात भाकर घ्यायच्या आधी.

मधल्या काळात हिंगोलीहून एका बाईंनी झुबकेदार शेपटीची मांजर दाखवायला आणली होती आणि त्यांच्यापुढे माझी फजिती झाली होती. म्हणून एका रविवारी मी तो सोडलेला धडा उघडून बसले. पहिल्याच पानावर घाम फुटला. मांजराच्या शरीराला टॉरिन नावाचा एक पदार्थ लागतो. कुत्रा तो शरीरातच बनवतो, मांजराला ते पुरेसं जमत नाही. तो मिळतो मांसातून, मासळीतून. दूध-भाकरीवर ठेवलेल्या मांजराचे डोळे आतून झिजत जातात आणि हृदयही कमजोर होतं. मी पुस्तक मिटलं. खाली हळदी पितळी वाटी चाटत असल्याचा आवाज येत होता.

गप्प बसता आलं असतं. मामींचा फोटो समोरच्या भिंतीवर होता, त्याला रोज ताजं फूल. पण वाटीही समोर होती. मी खाली गेले आणि सगळं सांगितलं. माझी चूकही सांगितली.

मामा ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे हिनं जीव लावून तिला आंधळं केलं म्हणता?"

"मामींना कसं ठाऊक असणार, मामा? मला डॉक्टर असून ठाऊक नव्हतं."

"ते तर झालंच," ते म्हणाले, आणि उठून आत गेले.

दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. काटे जागच्या जागी. तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात एका शेळीच्या खुराला पट्टी बांधत होते, तर मामा दारात, टोपी हातात घेऊन.

"कोणतं मांस?" त्यांनी विचारलं.

शेळीचा मालक त्यांच्या गळ्यातल्या माळेकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागला.

"मामा, तुम्ही विचार करा. मी आणून देत जाईन."

"इचार केला. माळ माझ्या गळ्यात हाये, तिच्या न्हाई. माझ्या देवाची शिक्षा तिला काहून? आन् तुमी कशाला आणून देता, वाटी माझी हाये."

बाजाराच्या टोकाला खाटकाचं दुकान होतं. चाचा म्हणायचे सगळे त्यांना. तीन पिढ्या तिथंच. मामा त्या रस्त्यानं जन्मात गेले नव्हते. पहिल्या दिवशी मी सोबत होते. भर सकाळी, हातात स्टीलचा डबा, खिशात बारका काटा. वाटेत चौघांनी विचारलं, "महाराज, कुठं निघाले?" आणि मामांनी चौघांनाही सारख्याच आवाजात उत्तर दिलं, "मांस आणायला." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चाचांनी हातातला सुरा खाली ठेवला. "महाराज, रास्ता भूल गए क्या?"

"न्हाई. मांजरासाठी पायजे. ताजं पायजे."

चाचांनी तोलून दिलं. मामांनी खिशातला काटा काढून तिथंच पुन्हा तोललं. दुकानातली गिऱ्हाइकं श्वास रोखून उभी. "मेरे काटे पे भरोसा नै क्या?" चाचांचा आवाज चढला.

"तुमच्या काट्यावर हाये," मामा म्हणाले, "पारड्याखाली कागद चिटकला हाये त्याच्यावर न्हाई." चाचांनी पारडं उलटं केलं. खरंच कागद होता, रक्तानं चिकटलेला, नखाएवढा. त्या दिवसापासून चाचा मामांना 'उस्ताद' म्हणायला लागले आणि दर महिन्याला आपला काटा त्यांच्याकडून तपासून घ्यायला लागले.

मी सुचवलं होतं की उकडून द्या. मामांनी विचारलं, "उकडल्यावर ते तुमचं जे काय हाये ते पाण्यात जातं का?" मी म्हटलं, थोडं जातं. "मंग कच्चंच." मग मीही माझ्या अटी घातल्या. आणलं की आधी काही दिवस बर्फात गोठवायचं, सुरी वेगळी, पाट वेगळा, हात साबणानं. हे सगळं परसातल्या पत्र्याखाली चालायचं, घरात नाही. गोठवायचा प्रश्न आला तेव्हा मामा माझ्या फ्रीजकडे बघून म्हणाले, "तुमी खाता ना? मंग तुमचा बाटलेलाच हाये." तेव्हापासून माझ्या बर्फाच्या कप्प्यात माझ्या आइस्क्रीमला जागा उरली नाही.

दोन महिने सगळं छान चाललं. आणि मग हळदी ओट्यावर उडी मारेनाशी झाली. मागचे पाय लटपटायचे, उचललं की केकाटायची. मी पाय चाचपला. हाड लवत होतं.

चूक मामांच्या मायेची होती आणि माझ्या अर्धवट सांगण्याची. हाड पिल्लाच्या घशात अडकेल म्हणून मामा निव्वळ मऊ मांस आणत होते. चाचाही 'उस्ताद'साठी एक एक हाड काढून देत होते. मांसात चुना, म्हणजे कॅल्शियम, जवळजवळ नसतो. नुसत्या मांसावर वाढणाऱ्या पिल्लाचं शरीर आपल्याच हाडांतला चुना ओढून घेतं. हे सगळं त्याच धड्यात होतं, चार पानं पुढे. मी चार पानं पुढे गेले नव्हते.

"मांजर रानात काय खातं?" मामांनी विचारलं.

"उंदीर. अख्खा. मांस, हाडं, काळीज, सगळं."

मामांनी बारका काटा पुढ्यात ओढला. मग म्हणाले, "म्हंजे उंदीर हेच खरं माप हाये. बराबर तोलून बांधलेलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून हाक आली. मामांनी सापळ्यात उंदीर धरला होता. जिवंत. पिंजऱ्यासकट बारक्या काट्यावर ठेवला होता आणि रिकाम्या पिंजऱ्याचं वजन आधीच काढून ठेवलं होतं. "बावीस ग्राम," त्यांनी जाहीर केलं. "आता सांगा, ह्याच्यात हाड किती, काळीज किती, बाकी किती?"

मी पुस्तकं काढली, जुन्या सरांना फोन केला. सर आधी हसले, मग उंदराचं ऐकून गंभीर झाले आणि म्हणाले, "त्या माणसाचं म्हणणं अगदी बरोबर आहे." तोपर्यंत मामा पिंजरा घेऊन ओढ्यापलीकडे जाऊन उंदीर सोडून आले होते. मी चिडवलं, "मामा, उंदीर सोडला, आणि बकऱ्याचं काय?"

ते हसले नाहीत. "त्याचं पाप मला लागन," म्हणाले. "मला ठाऊक हाये. मी काई अडाणी न्हाई." त्यानंतर मी त्यांना त्यावरून कधी चिडवलं नाही.

माप असं ठरलं. दहा हिस्से धरायचे. आठ हिस्से मांस, त्यातच दिल, म्हणजे हृदय, कारण टॉरिन तिथं भरपूर. एक हिस्सा हाड: कोंबडीच्या मानेचं, कच्चं, खलबत्त्यात कुटून, कारण शिजलेलं हाड अणकुचीदार तुटतं आणि घात करतं. राहिलेल्या एका हिश्शात अर्धी कलेजी आणि अर्धा गुर्दा, म्हणजे मूत्रपिंड. कलेजी हळदीला फार आवडायची. चाचा प्रेमानं जास्त घालायचे आणि मामा ती परत द्यायचे. "जास्त झाली तर तिच्यानंही हाडं आखडतात," हे मी एकदाच सांगितलं होतं; मामांनी ते चाचांना, चाचांच्या मुलाला आणि दुकानात उभ्या असलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितलं. आठवड्यातून एकदा ओढ्यातली बारकी मासळी. रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला, ग्रामाला ग्राम. वाटी तीच, मामींची.

तीन महिन्यांत हळदी ओट्यावरून भिंतीवर आणि भिंतीवरून पत्र्यावर जायला लागली. दर महिन्याला मामा तिला घेऊन बसायचे, मी टॉर्च मारायची. बाहुल्या झटकन मिटायच्या, तांदळाच्या दाण्यासारख्या उभ्या. मामा श्वास सोडायचे. मी त्या वर्षी पुष्कळ जनावरं बरी केली, पण कुणी मला माझ्या नोकरीतली कमाई विचारली तर मी त्या दोन बाहुल्या दाखवीन. हिंगोलीच्या त्या झुबकेदार मांजरवाल्या बाई पुन्हा आल्या तेव्हा मी त्यांना सरळ खाली मामांकडे पाठवलं. मामांनी त्यांना पाट मांडून बसवलं, तासभर समजावलं, आणि जाताना त्यांच्या मांजरीचं वजन चिठ्ठीवर लिहून दिलं. बाई मला म्हणाल्या, "तुमचे सीनियर फार चांगले आहेत." मी म्हटलं, हो.

चैत्रात गल्लीतल्या मारुतीच्या देवळात सप्ता बसायचा. सात दिवस, सात रात्री अखंड नाम. वीणा एकदा उचलली की सातव्या दिवसापर्यंत खाली टेकत नाही. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाते. घेणारा आधी देणाऱ्याच्या पाया पडतो, देणारा घेणाऱ्याच्या. दोन-दोन तासांचे पहारे असतात आणि त्यातला दुपारी दोन ते चारचा कुणालाच नको असतो. चैत्राचं ऊन, पत्र्याचा मंडप, ऐकायला कुत्रंसुद्धा नाही. तो पहारा मामांचा होता. मोंढ्यात होते तेव्हाही त्या सात दिवसांसाठी रजा काढून यायचे. वर्षभरात त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ती एकच गोष्ट होती.

त्या वर्षी भजनी मंडळाचे बुवा पहाऱ्यांची यादी करायला बसले. बुवा म्हणजे किडकिडीत, सज्जन माणूस, मृदंग वाजवून बोटं वाकडी झालेली. मामा त्यांच्यापुढे जाऊन बसले आणि आपणहून म्हणाले, "मी रोज मांसाला हात लावतो. कच्च्या. तुमाला चालत असंल तर नाव लिहा."

गावाला ठाऊक होतंच. पण ठाऊक असणं वेगळं आणि तोंडावर सांगितल्यावर पेन उचलणं वेगळं. बैठक बसली. बुवांनी मधला मार्ग काढला, आणि तो वाईट नव्हता: सप्त्याचे सात दिवस मांजराला दूध-भाकर द्या, आठव्या दिवशी पुन्हा काय द्यायचं ते द्या.

मामा घरी आले आणि मला विचारलं, "सात दिवसांनी तिच्या डोळ्याला काई व्हईन का?"

खोटं बोलायचा मोह झाला. पण त्यांच्यापुढे बोलवेना. "नाही, मामा. सात दिवसांनी काहीही होणार नाही. खुशाल पहारा घ्या."

ते हळदीच्या पाठीवर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "मला न्हाई जमणार."

"अहो, का पण? डॉक्टर सांगतेय ना!"

"सात दिवस बंद केलं, म्हंजे हे वंगाळ काम हाये असं मी देवापुढं कबूल केलं. मंग आठव्या दिवशी कोणत्या तोंडानं हिच्यापुढं वाटी ठेवू? आन् वीणा घ्यायला गावात माणसं हायेत, डॉक्टरबाई. हिला कोण हाये?"

मी भांडले. म्हटलं, तुम्ही सांगायला गेलातच कशाला? न सांगता उभे राहिला असतात तर कुणी हटकलं नसतं. ते म्हणाले, "तेच तर." आणि यादीतून त्यांचं नाव गेलं. जिन्यात बसून मी रडले, रागानं आणि कशानं कशानं.

सप्ता बसला. पहिल्या दिवशी मी जेवायला घरी आले तर अंगणात मामा उभे. आंघोळ करून, धुतलेलं धोतर, कपाळाला बुक्का. दोन वाजले होते. हात रिकामे, डोळे मिटलेले, आणि तोंडानं नाम. पायांत चप्पल नव्हती. चारला थांबले, पाणी प्यायले. मी म्हटलं, "मामा, हे काय?"

"वीणा त्यांच्याकडं हाये," ते म्हणाले. "पहारा माझा हाये." आणि पाचला, माझ्या बर्फाच्या कप्प्यात आठवड्याभराचं आधीच साठवलं होतं त्यातलं काढून, वाटी तोलायला बसले.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या, चौथ्या दिवशी तेच. गल्लीतून जाणारे-येणारे बघायचे आणि मान खाली घालून पुढं जायचे. पाचव्या दिवशी अडीचच्या सुमारास बुवा आमच्या फाटकाशी आले, डोक्यावर ओला टॉवेल. मामांच्या जागी ज्याला पहारा दिला होता त्याला ऊन लागून तो पडला होता. बारा ते दोनचा पहारा एस.टी.तल्या कंडक्टरचा, तो बिचारा अजून वीणा धरून उभाच होता आणि त्याचे पाय लटपटत होते. घ्यायला कुणीच नव्हतं.

बुवा अंगणात आले. मामा थांबले नाहीत. नाम चालूच. पहारा मोडून बोलणार कसे?

"माऊली," बुवा म्हणाले, "दोनच दिवस राहिले हायेत. दोन दिवस मांस बंद, एवढं फक्त मान हलवून सांगा. कोणी बघायला येणार न्हाई."

मामांनी डोळे उघडले. नाम चालू ठेवून त्यांनी मान हलवली. नाही.

"आज सकाळी चारलं?"

मान हलली. होय.

"संध्याकाळी चारणार?"

होय.

मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी होते. हळदी पत्र्यावरून उतरली, बुवांच्या पायापाशी बसली आणि वर बघायला लागली. बुवांनी तिच्याकडे पाहिलं, मामांच्या भाजलेल्या पायांकडे पाहिलं. टॉवेलनं तोंड पुसलं. मग म्हणाले, "चला मंग. हाये तसे चला."

मामा निघाले. अनवाणी, नाम न तोडता, गल्लीतल्या तापल्या फरशीवरून, बुवा पुढं, मी मागं. चाचांच्या दुकानाची फळी सप्त्यामुळे त्या आठवड्यात बंद होती, ते गल्लीच्या तोंडाशी खाट टाकून बसले होते. ते उठून उभे राहिले. देवळात पंधरा-वीस माणसं होती. मामांना बघून दोघं उठली आणि बाहेर गेली. ती का गेली हे कुणी विचारलं नाही. मामा कंडक्टरच्या पाया पडले. कंडक्टर त्यांच्या पाया पडला. वीणा हातात आली तेव्हाही त्यांचं नाम मध्ये कुठं तुटलं नाही. मला त्या क्षणी त्या माणसाचा जेवढा अभिमान वाटला तेवढा मला माझ्या डिग्रीचा, माझ्या बापाचा, कशाचाच कधी वाटलेला नाही, आणि हे मी आज कुणापुढेही सांगायला तयार आहे.

मी खांबाला टेकून बसून राहिले. दवाखान्यात फोन करून सांगितलं की येत नाही. हळूहळू माणसं वाढत गेली. बायाही आल्या. मला धास्ती होती ती चार वाजताची. वीणा त्यांच्या हातात देणं एक, त्यांच्या हातून घेणं दुसरं. ज्या हातानं सकाळी कलेजी चिरली त्या हातातून वीणा घ्यायची आणि त्याआधी त्या माणसाच्या पायावर डोकं ठेवायचं. कोण येणार?

देवळातल्या घड्याळाचा काटा सरकत होता. चार वाजत आले आणि मी वर पाहिलं, तर मामांसमोर तीन माणसं येऊन उभी होती, वीणा घ्यायला. बाहेर गेलेल्या दोघांपैकी एक त्यांत होता. सगळ्यात पुढं बुवा, वाकून, हात पसरून.

मामांनी घड्याळाकडे पाहिलं. चाराला दोन मिनिटं कमी होती. त्यांनी मानेनंच तिघांना थांबवलं आणि ती दोन मिनिटं पुरी केली.